आवाज मोजून झाला असेल तर एक खोली द्या

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
आणि मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर

विषय : शहरातल्या तरुण वादक-गायकांना सरावासाठी जागा मिळण्याबाबत

महोदय,

गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली बातमी येते. कुठल्या चौकात किती डेसिबल भरले, किती मंडळांवर गुन्हे, किती डीजे जप्त. शिवजयंतीनंतर आणि 14 एप्रिलनंतर तीच बातमी चौकांची नावं बदलून. या कारवाईबद्दल माझी काहीही तक्रार नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्र पुढे वाचलंच जायचं नाही. वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक जुन्या नाशकाच्या अरुंद रस्त्यांतून जाते. तिथे डीजेची भिंत उभी राहिली की काचा राहू द्या, घरात अंथरुणावर असलेल्या माणसाची छाती धडधडते. नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि स्पीकर लावला तरी त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त किंवा 75, यातलं जे कमी त्याच्या वर जायचं नाही. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नसतं. आकडा दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 75 च्या जागी 105 झाले की हजारपट. असला आवाज बंद पाडलाच पाहिजे.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. वर्षातले चार दिवस ज्या पोरांचा आवाज तुम्ही मोजता, ती उरलेलं वर्ष गातात-वाजवतात कुठे? महापालिकेच्या किंवा पोलिसांच्या एखाद्या कागदावर याची नोंद आहे का?

मी नाशकात बरीच वर्षं कॅसेट विकल्या. दुकान शालिमारच्या बाजूला होतं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. समाजशास्त्र मी शिकलेलो नाही, पण कोणतं पोरगं काय ऐकतं आणि मग कसं चालायला-बोलायला लागतं, हे काउंटरच्या मागून फार जवळून पाहिलंय. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आषाढीच्या आधी विठ्ठलाच्या गाण्यांसाठी जायचा आणि एप्रिलमध्ये भीमगीतांसाठी. आवाज एकच, गिऱ्हाईक वेगळं, आणि दोन्ही गिऱ्हाइकं दुकानात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. 1996 च्या नोव्हेंबरात मायकेल जॅक्सन मुंबईत नाचून गेला आणि त्यानंतर वर्षभर आमच्याकडे पांढरे मोजे दिसतील अशा आखूड पँटी घातलेली पोरं यायची. कॉलेज रोडची काही मोजकी मंडळी काळे टी-शर्ट घालून हेवी मेटल मागायची. त्यांचे वडील मला रस्त्यात गाठून विचारायचे, हे काय ऐकतंय हो आमचं?

कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचं काम तेव्हा सगळीकडे चालायचं, आमच्याकडेही. वहीच्या फाडलेल्या पानावर यादी यायची. साठची कॅसेट असली तर एका बाजूला तीस मिनिटं, आणि नव्वदची शक्यतो देत नसू, कारण तिची फीत पातळ, डेकमध्ये गुंतते. यादीतली गाणी भरून झाली की बाजू संपायला दीड-दोन मिनिटं उरायची. त्याबद्दल गिऱ्हाईक काही सांगत नसे. तो तुकडा माझा. तिथे मी मनाला येईल ते भरायचो. इंजिनीअरिंगच्या पोराच्या पंजाबी पॉपच्या शेवटी वामनदादांचं एखादं कडवं, भीमनगरच्या पोराच्या यादीत कुमार गंधर्वांचा एक तुकडा, कुणाच्या तरी डिस्कोमागे ताशाची नुसती तर्री. निम्मी गिऱ्हाइकं परत येऊन विचारायची, "ते शेवटी काय होतं? ते पूर्ण आहे का?" या शहरातल्या तरुणांच्या कानाबद्दल माझं मत चांगलं आहे ते तेव्हापासून.

कॅसेटने आणखी एक काम केलं. त्याआधी रेकॉर्ड काढायची तर एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपनीचं दार उघडावं लागे, आणि ते कोणासाठी उघडायचं हे कंपनी ठरवी. कॅसेटचं यंत्र स्वस्त निघालं, 80 च्या दशकात लहान कंपन्या जागोजाग उभ्या राहिल्या आणि ज्यांचं गाणं वस्तीच्या बाहेर कधी ऐकूच आलं नव्हतं त्यांचं गाणं टपरीवर वाजायला लागलं. भीमगीतं, कव्वाल्या, खानदेशी लग्नाची गाणी. ज्याचं गाणं बाजारात आलं त्याची मान थोडी ताठ झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता इतिहासाकडे वळतो, पण तो फार लांबचा नाही, तुमच्या कचेरीतून चालत जाण्याच्या अंतरावरचा आहे. तिळभांडेश्वर गल्लीत कवी गोविंद राहत. पायांनी अधू, जागेवरून हलणं अवघड. तिथेच मित्रमेळ्याची, म्हणजे सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेची, पोरं जमायची आणि गोविंदांचे पोवाडे म्हणायची. पोरं कोण, तर शाळा-कॉलेजातली. सरकारला त्या गाण्यांची इतकी धास्ती की पोवाडे जप्त झाले, आणि राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल 1909 साली बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता छापल्याबद्दल! नाशिकच्या तरुणांचं गाणं आणि नाशिकचा कारभार यांचं नातं इतकं जुनं आहे.

मग 1930. मार्च महिन्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालत राहिला. भाषणं झाली, पत्रकं निघाली, पण वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत तो विचार पोचवला जलशाने. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या तरुणांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली गवळण काढून टाकली, बतावणीत सावकार, भटजी आणि पाटील आणून बसवले, आणि मेलेली ढोरं ओढू नका, पोरांना शाळेत घाला हे हसवत हसवत सांगितलं. दिवसभर मजुरी करायची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वस्तीतल्या चौकात उभं राहायचं. त्यांच्यापाठोपाठ वामनदादा कर्डक आले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. मुंबईत गिरणीत राबले, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि नंतर हजारोंनी गाणी लिहिली. 2004 साली ते नाशकातच गेले. या जिल्ह्यातल्या किती घरांत पहिला शिकलेला माणूस त्या गाण्यांच्या रेट्याने शिकला असेल, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही आणि आता मांडताही येणार नाही.

यातलं काहीही त्या त्या काळच्या प्रतिष्ठित लोकांना संगीत वाटलं नव्हतं. आणि कारभारी परके होते म्हणून असं झालं असंही नाही. स्वातंत्र्यानंतर 1952 साली बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी, नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. तरुणांची अभिरुची सुधारावी हा त्यामागचा हेतू. पोरांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. दर बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकायला ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर सगळी आळी जमायची. सरकारला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. ब्रिटननेही पुढे हेच केलं. 1994 साली त्यांनी रेव्ह पार्ट्या थांबवायला कायदा केला आणि त्यात बंदी घालायच्या संगीताची व्याख्या अशी केली की मुख्यतः एकामागून एक तेच ते ठोके असलेलं. या व्याख्येत आपला ढोल बसतो, बँड बसतो, आणि काकड आरतीच्या टाळांनाही वकील शोधावा लागेल.

या सगळ्यांत मला महत्त्वाची वाटते ती न्यूयॉर्कची गोष्ट, कारण तिच्यात कारभाऱ्यांना करण्यासारखं काहीतरी आहे. ब्रॉन्क्स नावाचा तिथला भाग. वस्त्या चिरत महामार्ग गेलेला, कारखाने बंद, घरमालक इमारती सोडून पळालेले. 11 ऑगस्ट 1973 ला सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 नंबरच्या इमारतीत एका मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. इमारतीतच रहिवाशांसाठी एक कॉमन हॉल होता, तो भाड्याने घेतला. प्रवेश मुलींना 25 सेंट, मुलांना 50. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ, जमैकाहून आलेला, कूल हर्क म्हणून ओळखला जाणारा. गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबून नुसता ताल उरतो त्या जागेला लोक सगळ्यात जास्त नाचतात, हे त्याच्या लक्षात आलेलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायला लागला. त्यावर कोणी माइक घेऊन बोलू लागलं. आज सातपूरच्या पोराच्या तोंडी जो रॅप आहे त्याचा जन्म लोक याच पार्टीत शोधतात.

हर्ककडे प्रतिभा होती हे खरंच. पण इमारतीत तो हॉल नसता, किंवा त्याचं भाडं लग्नाच्या लॉनसारखं असतं, तर? तिळभांडेश्वर गल्लीतली खोली, जलशाचा चौक, ब्रॉन्क्सचा हॉल. प्रत्येक वेळी आधी कुठलीतरी फुकट किंवा जवळजवळ फुकट जागा आहे आणि मग गाणं आहे.

आता आपल्याकडची जागा सांगतो. काही महिन्यांपूर्वी ओळखीतला एक मुलगा मला सातपूरला घेऊन गेला. मोटार वायंडिंगचं दुकान, रात्री आठला बंद होतं, मालकाचा पुतण्या यांच्यातलाच. शटर अर्धं खाली, कारण पूर्ण ओढलं तर आत जीव गुदमरतो आणि पूर्ण उघडलं तर शेजारी येतात. आत चार पोरं, तांब्याच्या तारेची भेंडोळी, वॉर्निशचा वास. मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवलेला, म्हणजे बीट मोठा ऐकू येतो. त्यातला एक कंत्राटी कामगार होता, दुसऱ्या शिफ्टचा, त्या दिवशी सुट्टी. त्याचे वडील कळवणकडून एमआयडीसीत आलेले, म्हणून घरात अहिराणी, कंपनीत हिंदी, मित्रांत मराठी, आणि गाण्यात तिन्ही. एका कडव्यात ठेकेदाराने कापलेली हजेरी होती, एकात आईच्या गुडघ्यांचं दुखणं आणि सिव्हिलमधली रांग. एक ओळ मात्रेत बसत नव्हती म्हणून त्याने ती सात-आठ वेळा फिरवून पाहिली, शेवटी 'सुपरवायझर' काढून 'साहेब' घातला आणि बसली. चौघं असे ओरडले की वरच्या मजल्यावरून भांडं आपटल्याचा आवाज आला. पातेल्यातला मोबाइल बंद. सराव संपला. नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती. दहानंतरच्या बंदीला अजून तासाहून जास्त वेळ होता, पण अर्ध्या शटरच्या दुकानात कायद्याची वेळ चालत नाही, शेजाऱ्याची चालते. आणि शेजारीही पहाटे पाचला उठणारा, त्याचं काय चुकलं?

ढोलाचं यापेक्षा बरं आहे असं नाही. केरळात जाऊन बघा, उत्सवात आणि निवडणुकीच्या प्रचारात 'नासिक ढोल' या नावाने पथकं वाजतात. दुसऱ्या राज्यातल्या लोकांनी एका वाजवण्याला आपल्या शहराचं नाव दिलं आणि आपल्या शहरातली पथकं गणपतीच्या आधी दोन महिने जागा हुडकत हिंडतात. कधी पुलाखाली, कधी गोदाकाठी, कधी रिकाम्या प्लॉटवर. तक्रार आली की पुढची जागा. पथकांनी जे घडवलंय ते मात्र मोलाचं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मिरवणुकीत बायका फुटपाथवर उभ्या राहून बघायच्या. आज कमरेला ढोल बांधलेली मुलगी भर रस्त्यात मधोमध चालते, दोर स्वतः ताणते, नव्या पोराचा हात चुकला तर त्याला झापते, आणि रात्री घरी उशिरा पोचली तर बाप विचारतो, "आज कसं झालं वाजवणं?" हा बदल भाषणांनी झालेला नाही.

ढोल वाजवणारा दमतो. तासाभराने त्याचे खांदे भरून येतात, मग तो थांबतो, पाणी पितो. डीजे दमत नाही. ज्या मंडळाकडे स्वतःचं वाजवणारं कोणी नसतं ते वर्गणी गोळा करतं आणि सगळ्यात मोठी भिंत भाड्याने आणतं. पोरांना वाजवायला शिकायची सोय नाही, जमायची जागा नाही, म्हणून वर्षभराची सगळी हौस एका रात्रीत, दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या गाण्यावर. हे एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. पुढारी पैसे देतात, ईर्ष्या असते, दारू असते. पण जागेचं कारण तुमच्या हातातलं आहे, बाकीची नाहीत.

आणि हो, जागा नाही असंही नाही, पैसेवाल्यांना आहे. गंगापूर धरणाकडे द्राक्षबागांमध्ये 2008 पासून देशी-परदेशी बँड येऊन वाजवून गेले. छान झालं, नाशिकचं नाव झालं. तिकीट काढणाऱ्यांत सातपूरचा तो मुलगा नव्हता एवढंच.

कोणी म्हणेल, ही पोरं गातात काय ते तरी ऐका. ऐकलंय. काहींच्या गाण्यात 'भाई', कोयता आणि बायकांबद्दल जे असतं ते ऐकवत नाही. भाईगिरीच्या रील्स करणाऱ्यांना पोलिसांनी हिसका दाखवला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण मी काउंटरच्या मागे उभं राहून शिकलेली गोष्ट अशी की पोरगं ज्याच्यासमोर गातं त्याच्यासारखं गातं. एकट्याने मोबाइलसमोर गायचं तर लाइक मिळेल ते गाणार. खोलीत आणखी चार जण असतील, त्यात एखादी मुलगी असेल, एखादा जुना शाहीर किंवा तबलजी कोपऱ्यात बसलेला असेल, तर ओळ तोंडाबाहेर काढायच्या आधी ते दोनदा विचार करतं. सेन्सॉर बसवू नका, माणसं बसवा.

मागणी मोठी नाही. महापालिकेचे सहा विभाग आहेत : पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर, सिडको. प्रत्येकात एक खोली. नवीन बांधकाम नको. समाजमंदिरं आहेत, संध्याकाळी कुलूप लागणाऱ्या शाळा आहेत, तुमच्या मालकीच्या संकुलांत जे गाळे रिकामे असतील ते आहेत. शक्यतो तळमजला किंवा तळघर, कारण बेस भिंतीतून आणि जमिनीतून जातो, वरच्या मजल्यावर तो अडवणं कठीण. जाड भरीव दार, खिडकीला आतून दुसरी फळी आणि मध्ये हवेची पोकळी, भिंतीला रॉकवूल. चांगलं अर्थिंग, नाहीतर माइकला ओठ लागला की झटका बसतो, हे मी गमतीने लिहीत नाहीये. एक मिक्सर, दोन स्पीकर, चार माइक. तासाला पन्नास रुपये घ्या, म्हणजे पोरांना आपलं वाटेल आणि कोणी फुकट अडवून बसणार नाही. वही पोरांनीच ठेवायची. ढोल एवढ्या खोलीत मावणार नाही, त्याला मोकळं मैदानच लागेल, पण ते ठरलेलं असू द्या, ठरलेल्या वेळेला, आणि शांतता क्षेत्राच्या बाहेर. पथकांना दर आठवड्याला पळवणं तुमच्या शिपायांनाही परवडत नसणार.

कायद्याची अडचण काढू नका, कारण कायदा यात आमच्या बाजूला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा वाद्यांवर जी बंदी आहे तिच्यातून बंदिस्त जागा वगळलेल्या आहेत, आणि सभागृहं, कम्युनिटी हॉल यांचा उल्लेख नियमातच केलेला आहे. सण-उत्सवात बारापर्यंत सूट देता येते ती वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांवर प्रत्येक बैठकीत तासन्तास चर्चा होते. उरलेल्या साडेतीनशे दिवसांवर एक बैठक लावा.

2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, घाट होतायत, रस्ते होतायत, त्यामुळे आत्ता वेळ नाही हे उत्तर मला माहीत आहे. पण सहा खोल्यांना लागणारा पैसा त्या हिशोबात शोधूनही सापडणार नाही इतका लहान आहे. याच शहरात विष्णू दिगंबर पलुस्कर येऊन राहिले. ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला शाळा काढून गाणं घराण्यांच्या बंद दारातून बाहेर आणलं आणि कोणालाही शिकता येईल असं केलं. पंचवटीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. पहिला विभाग निवडायचा तर पंचवटी घ्या किंवा सातपूर घ्या, माझं मत सातपूरला.

खोल्या बघायला मी यायला तयार आहे. सोबत साउंडचं काम करून थकलेले दोन मित्र आणतो, त्यांना मानधन नको. तुमच्याकडून फक्त एक कनिष्ठ अभियंता आणि किल्ल्या हव्यात. रात्री नऊनंतर यावं लागेल, कारण दिवसा रहदारीत आतला आवाज बाहेर किती येतो ते कळत नाही. वार तुम्ही कळवा, गुरुवार सोडून कुठलाही चालेल.

आपला,
शालिमारचा एक जुना कॅसेटवाला
नाशिक